अफिलिएट नेटवर्क: सुरुवात कशी करायची आणि पैसे अडकवणारा मर्चंट आधीच कसा ओळखायचा

दुवेकरी

अफिलिएट म्हणजे आपल्या लेखात दुकानाचा दुवा द्यायचा, आणि वाचकाने त्यावरून खरेदी केली की दुकानदार, म्हणजे मर्चंट, आपल्याला कमिशन देतो. या विषयावर कुठेही धागा निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कमिशन किती टक्के? माझ्या मते तो सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी विचारायचं ते एवढंच, की डॅशबोर्डावर दिसणाऱ्या शंभर रुपयांपैकी बँकेत किती पडतात आणि किती महिन्यांनी. मर्चंट कसा आहे ते त्यातच कळतं, आणि नेमकं तेच कुणी ठळक अक्षरांत छापत नाही.

आकडे भरकटू नयेत म्हणून एकच उदाहरण धरू. सह्याद्रीतल्या भटकंतीवर मराठीत लिहिणारं संकेतस्थळ. सॅक, बूट, तंबू, हेडटॉर्च यांची परीक्षणं. महिन्याला पाच-सहा हजार वाचक, बहुतेक मोबाइलवर.

साखळीत चौघं: वाचक, तुम्ही म्हणजे पब्लिशर, माल विकणारा मर्चंट आणि मधलं नेटवर्क. क्लिकची नोंद ठेवणं, मर्चंटकडून पैसे वसूल करणं आणि तुम्हाला देणं ही नेटवर्कची कामं. अ‍ॅमेझॉनसारखे मोठे दुकानदार स्वतःचा कार्यक्रम थेट चालवतात, तिथे मधला कुणी नाही. भारतात क्यूलिंक्स, व्हीकमिशन, अ‍ॅडमिटॅड, ईअर्नकरो ही नावं वारंवार ऐकू येतात. परदेशी मर्चंटसाठी सीजे, एविन, राकुटेन, इम्पॅक्ट. क्यूलिंक्ससारख्या ठिकाणी एकदा खातं मंजूर झालं की बरेच मर्चंट एकदम उघडे होतात, शिवाय लेखातले साधे दुवे आपोआप कमिशनच्या दुव्यांत बदलणारा कोड मिळतो. सोय आहे, पण कमिशनातला एक वाटा तिथे कापला जातो आणि मर्चंटशी तुमचा थेट संबंध राहत नाही. सुरुवातीला हे चालेल. एखाद्या मर्चंटकडे महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी जाऊ लागल्या की त्याच्या थेट कार्यक्रमात अर्ज करावा.

अर्जासाठी पॅन, त्याच नावाचं बँक खातं आणि वाचक कुठून येतात याची खरी माहिती लागते. पॅनवर आडनाव शेवटी आणि बँकेत आधी, किंवा एकीकडे वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही पहिलं पेमेंट परत जातं. ते आधी जुळवून घ्या. संकेतस्थळावर पंधरा-वीस पूर्ण लेख, संपर्काचं पान आणि गोपनीयता धोरण हवं. अर्ज तपासणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही, म्हणून "आमच्याविषयी" या पानावर इंग्रजीत एक परिच्छेद टाका: विषय काय, वाचक कोण, दुवे कुठे लावणार. मराठी संकेतस्थळांचे अर्ज "अपुरा मजकूर" म्हणून नाकारले जातात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मजकूर भरपूर असतो. तपासणाऱ्याला तो वाचता आलेला नसतो, एवढंच.

मर्चंट पारखण्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. तोवर प्रश्न येऊ द्या.

चहाबाज

अ‍ॅमेझॉनपासूनच सुरुवात करावी असं सगळे म्हणतात. ते योग्य का?

दुवेकरी

शिकायला योग्य. लोकांचा विश्वास आहे, पिनकोड बहुतेक सगळे चालतात. पण अटी नीट वाचा.

खातं उघडल्यापासून 180 दिवसांत तीन पात्र विक्र्या झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खरेदी त्यात धरत नाहीत. म्हणजे संकेतस्थळावर दोनच लेख असताना उत्साहाने खातं उघडलं तर घड्याळ तेव्हापासूनच चालू. कमिशन मिळायला क्लिकनंतर खरेदीसाठी 24 तासांचा अवधी. तेवढ्यात वस्तू कार्टात पडली तर त्या वस्तूपुरता तो 90 दिवसांपर्यंत जातो. किंमत हाताने लिहू नये. ती त्यांच्या एपीआयमधूनच (म्हणजे त्यांच्याकडून ताजी माहिती आपोआप आणणाऱ्या सोयीतून) दाखवायची असते, कारण हाताने लिहिलेली किंमत दुसऱ्याच दिवशी खोटी ठरते. छापील पत्रकात किंवा ई-पुस्तकात दुवा घालता येत नाही. आणि इन्स्टाग्राम, टेलिग्राम, यूट्यूब, जिथे जिथे दुवा टाकणार ते प्रत्येक ठिकाण खात्यात नोंदवलेलं हवं. न नोंदवलेल्या ठिकाणाहून क्लिक आले की आधी चौकशी, मग खातं बंद आणि शिल्लकही जप्त.

गणपुले_नव्हे

वरच्या "शंभरातले किती" या मुद्द्यावर आकडेमोड टाकतो. सगळे आकडे मानलेले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

सॅकची छापील किंमत 4,000 रुपये, जीएसटी 18 टक्के धरून. कमिशन बहुतेक ठिकाणी कर वजा करून लागतं, म्हणजे 3,389.83 रुपयांवर. 6 टक्क्यांनी 203.39 रुपये होतात, 240 नव्हे. गिऱ्हाइकाने 10 टक्क्यांचं कूपन लावलं तर 3,600 भागिले 1.18, म्हणजे 3,050.85, आणि कमिशन 183.05.

आता तीच सॅक विकणारे दोन मर्चंट.

पहिला 6 टक्के देतो. 1,000 क्लिकांवर 15 ऑर्डरी, त्यातल्या 4 परत किंवा रद्द. उरल्या 11, कमिशन 2,237 रुपये. दर क्लिकला 2.24 रुपये.

दुसरा 12 टक्के देतो. 1,000 क्लिकांवर 6 ऑर्डरी, कारण साइट मंद आणि पैसे भरायचं पान किचकट. त्यातल्या 3 नामंजूर. उरल्या 3, कमिशन 1,220 रुपये. दर क्लिकला 1.22 रुपये.

दुप्पट टक्के देणारा जवळजवळ निम्म्यावर आला. दर क्लिकच्या या कमाईला नेटवर्कवाले ईपीसी म्हणतात. एक खोच लक्षात ठेवा: सीजेवर ईपीसीचा आकडा शंभर क्लिकांमागे असतो, काही नेटवर्कांवर एका क्लिकमागे. दोन नेटवर्कांचे आकडे शेजारी ठेवून ताडताना हे विसरलात तर शंभरपटीची चूक. आणि तो आकडा मंजुरीआधीचा की नंतरचा, हेही विचारा.

कोपऱ्यातला_वाचक

नामंजूर ऑर्डरींचं प्रमाण मर्चंट सांगतो का कधी?

दुवेकरी

काही नेटवर्कं प्रत्येक कार्यक्रमाच्या पानावर मंजुरीचं प्रमाण आणि मंजुरीला लागणारे सरासरी दिवस दाखवतात. नसेल तर कार्यक्रम चालवणाऱ्या मॅनेजरला ईमेल करा आणि नेमकं विचारा: गेल्या तीन महिन्यांतलं मंजुरीचं प्रमाण किती, नामंजुरीची कारणं कोणती, मंजुरी महिन्याच्या कोणत्या तारखेला होते, कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरीवर कमिशन आहे का, कार्टात कूपन टाकलं तर कमिशन कापता का, जुन्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीवर वेगळा दर आहे का. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच. पब्लिशर जोडून घेताना ज्याला ईमेलला उत्तर द्यायला सवड नाही, तो थकलेल्या पैशांबद्दल लिहिल्यावर तर देणारच नाही.

आता पारख. मी हे मोबाइलवर, मर्चंटच्या साइटवर प्रत्यक्ष फिरून करायला सांगतो.

एक वस्तू कार्टात टाका आणि चार पिनकोड घालून बघा: 416510 सावंतवाडी, 442605 गडचिरोली, 444001 अकोला, 403001 पणजी. मराठी वाचक फक्त पुण्या-मुंबईत नाहीत. दोन ठिकाणी "सेवा उपलब्ध नाही" आलं तर तेवढे क्लिक वाया गेले समजा. जीएसटी आणि डिलिव्हरीचा खर्च शेवटच्या पानावर अचानक वाढतो का बघा. तसं असेल तर वाचक तिथूनच माघारी फिरतो आणि शिव्या तुम्हाला घालतो.

मग गळती. पाण्याच्या टाकीसारखं आहे, भोक कुठे आहे ते शोधायचं. "व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर करा" असं हिरवं बटण प्रत्येक पानावर असेल तर त्या ऑर्डरीची नोंद नेटवर्ककडे जात नाही. मोठ्ठा फोन नंबर असेल तर तेच. "अ‍ॅप डाउनलोड करा, 10 टक्के जादा सूट" असा पडदा वर येत असेल तर विचारा, अ‍ॅपमधली ऑर्डर मोजता का. भारतात हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, कारण दुवा दाबला की फोनमधलं अ‍ॅप उघडतं आणि ब्राउझरमधली कुकी, म्हणजे वाचक तुमच्या दुव्यावरून आला याची छोटी नोंद, मागेच राहते. मर्चंटने अ‍ॅपसाठी वेगळी मोजणी बसवलेली नसेल तर त्या ऑर्डरी गेल्या.

नंतर कागदपत्रं. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे साइटवर कंपनीचं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती लागते. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. त्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर एक साधी चौकशी पाठवा, किती तासांनी उत्तर येतं बघा. जीएसटी क्रमांक दिला असेल तर सरकारी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का, नोंदणी चालू आहे की रद्द, ते दोन मिनिटांत कळतं.

हिशेबनीस

जीएसटी क्रमांक नुसता वाचूनही बरेच कळते. 15 अक्षरे असतात. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र 27, गोवा 30. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन. पॅनमधले चौथे अक्षर, म्हणजे संपूर्ण क्रमांकातले सहावे, मालक कोण ते सांगते: सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी, पी असेल तर एकटी व्यक्ती. साइटवर "प्रायव्हेट लिमिटेड" लिहिलेले आणि सहावे अक्षर पी, असे दिसले तर तिथेच थांबावे. कंपनी असल्यास कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर स्थापना केव्हाची आणि स्थिती काय, हेही पाहता येते.

एकट्या मालकाचा धंदा वाईट असतो असे नाही. खोटे लिहिणारा वाईट.

सह्यवारा

कुकीबद्दल कुणी बोललं नाही अजून. "30 दिवसांची कुकी" हे बऱ्याचदा कागदावरचं असतं. आयफोनवरच्या सफारीत जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी 2019 पासून सात दिवसांतच उडते, आणि ट्रॅकरने शेपूट (पत्त्याच्या शेवटी लावलेली ओळखखूण) जोडलेल्या दुव्यावरून वाचक आला असेल तर काही वेळा 24 तासांत. म्हणून मर्चंटला विचारायचं: मोजणी पिक्सेलवर (वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या कोडवर) आहे की सर्व्हर-टू-सर्व्हर पोस्टबॅकवर? पोस्टबॅकमध्ये क्लिकचा क्रमांक मर्चंटच्या सर्व्हरवर राहतो आणि ऑर्डर झाली की त्यांचा सर्व्हर थेट नेटवर्कला कळवतो. ब्राउझरच्या लहरीवर काही अवलंबून नाही.

दुसरं, बहुतेक कार्यक्रमांत शेवटचा क्लिक ज्याचा त्यालाच कमिशन. वाचक तुमचं तीन हजार शब्दांचं तंबू-परीक्षण वाचून साइटवर जातो, पैसे भरताना "कूपन कोड टाका" असा रिकामा चौकोन दिसतो, तो गुगलवर कूपन शोधायला जातो, आणि परत येताना कूपनवाल्याचा क्लिक घेऊन येतो. झालं, कमिशन त्याचं. डिसेंबर 2024 मध्ये पेपलच्या मालकीच्या हनी या कूपन शोधून देणाऱ्या ब्राउझर-एक्स्टेन्शनवर याच धर्तीचा आरोप होऊन बरीच राळ उडाली होती. पुढे मार्च 2025 मध्ये गुगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठीचे अफिलिएट नियम कडक केले. काही मर्चंट मजकूर लिहिणाऱ्यांना स्वतंत्र कूपन देतात आणि ते वापरलं की कमिशन पक्कं त्यांचं धरतात. मागून बघा, मिळतं.

मोरपंखी

दुवा बरोबर चालतोय की नाही हे कसं तपासायचं? क्लिक दिसतात, ऑर्डर शून्य.

सह्यवारा

खासगी खिडकी उघडा, दुवा चिकटवा, एंटर. वर पत्त्याची पट्टी बघत राहा. दोन-तीन उड्या मारून मर्चंटचं पान उघडेल. शेवटच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर लांबलचक शेपूट हवं, त्यात क्लिकचा क्रमांक असतो. शेपूट गायब झालं असेल तर कुठल्या तरी उडीत ते गळतंय. जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन चालू असेल तर ते बंद करून पुन्हा करा. मग तेच मोबाइलवर, इन्स्टाग्राममधून दुवा दाबून करा, कारण तिथला आतला ब्राउझर वेगळा वागतो.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांच्या दोन खास चुका.

सब-आयडी देवनागरीत देऊ नका. सब-आयडी म्हणजे कोणत्या लेखातल्या कोणत्या बटणावरून क्लिक आला हे कळावं म्हणून दुव्याला लावलेली खूण. तुम्ही तिथे "तंबू" लिहिलं तर संगणक त्याचे चार भाग करतो, त, अनुस्वार, ब, ऊकार, आणि पत्त्यात प्रत्येक भागाची नऊ अक्षरं होतात. म्हणजे एका "तंबू"ची 36. कितीतरी नेटवर्कांवर सब-आयडीला लांबीची मर्यादा असते, मग खूण मधेच तुटते. किंवा उड्यांमध्ये टक्केचिन्हं दोनदा बदलली जाऊन अहवालात नुसता कचरा दिसतो. साधी रोमन अक्षरं आणि आकडे वापरा. लेखाचा क्रमांक आणि जागा: 114-var, 114-takta, 114-khali, असं.

दुसरी चूक: व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर दुव्याला विभक्ती चिकटवणं. "या दुव्यावर" म्हणायच्या सवयीने लोक दुव्यालाच "वर" जोडतात, मध्ये जागा न सोडता. तो प्रत्यय दुव्याचा भाग होतो आणि पान सापडत नाही. दुवा नेहमी स्वतंत्र ओळीवर, मागेपुढे पूर्णविरामसुद्धा नको.

चहाबाज

विभक्तीचा मुद्दा वाचून हसू आलं, पण माझ्या सहा पोस्टांत हेच आहे. दुरुस्त करतो.

हिशेबनीस

करांविषयी थोडक्यात.

कमिशनवर नेटवर्क टीडीएस कापते. जुन्या कायद्यातल्या 194एच कलमाचा दर 1 ऑक्टोबर 2024 पासून 5 ऐवजी 2 टक्के झाला आणि वर्षाची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 15,000 ऐवजी 20,000 रुपये. पॅन दिला नाही तर 20 टक्के कापतात. काही देणारे हा व्यवहार जाहिरातीचे कंत्राट मानून 194सी खाली कापतात, तिथे व्यक्तीसाठी 1 टक्का. आयकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. हे जुने क्रमांक केवळ ओळखीसाठी. कापलेली रक्कम तुमच्या नावावर जमा झाली का, ते दर तिमाहीनंतर पाहावे. कापली पण भरली नाही, हे मर्चंट किंवा नेटवर्क डबघाईला येत असल्याचे पहिले लक्षण असते.

जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, महाराष्ट्रातही आणि गोव्यातही, आणि परराज्यातल्या कंपनीला सेवा दिली तरीही. परदेशातून आलेली कमाई मात्र या 20 लाखांत मोजतात. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावू नये.

पैठणकर

छोट्या रकमेला विवरणपत्रात अनुमानित उत्पन्नाची सोय वापरावी, 44एडी. 6 टक्के नफा दाखवला की काम संपलं.

हिशेबनीस

नाही. ही चूक फार पसरली आहे. कमिशन किंवा दलालीच्या उत्पन्नाला 44एडी लागूच होत नाही, कलमातच तसे वगळले आहे. नेटवर्कने 194एच खाली टीडीएस कापला असेल तर आयकर खात्याच्या नोंदीत ते उत्पन्न "कमिशन" म्हणूनच दिसते, आणि तुम्ही आयटीआर-4 (अनुमानित उत्पन्नाचा फॉर्म) भरला तर विसंगती लगेच उघडी पडते. आयटीआर-3 भरावा, होस्टिंग, डोमेन, इंटरनेट, परीक्षणासाठी घेतलेल्या वस्तू यांच्या पावत्या ठेवून प्रत्यक्ष खर्च वजा करावा. बऱ्याचदा करही कमीच बसतो.

पैठणकर

हे माहीत नव्हतं. माझा प्रतिसाद खोडत नाही, खालच्या उत्तरासह राहू दे.

एडिसनकर

अमेरिकी नेटवर्कांबद्दल. भारतात बसून सीजे किंवा तत्सम ठिकाणी खातं उघडताना डब्ल्यू-8बेन हा फॉर्म भरायचा, डब्ल्यू-9 नाही. डब्ल्यू-9 हा अमेरिकी नागरिक आणि तिथल्या करदात्या रहिवाशांसाठी आहे. काम अमेरिकेबाहेर करता हे नेटवर्कला नीट कळवा, नाहीतर तिथला कर आधीच कापला जाऊ शकतो. सही केलेल्या वर्षानंतर तीन कॅलेंडर वर्षं संपेपर्यंत फॉर्म चालतो, मग नवा. जुना झाला की पेमेंट गपचूप थांबतं.

आणि इकडे अमेरिकेत एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नये.

मांडवीकाठ

सगळ्यात जास्त पैसे कुठल्या ऑफरला मिळतात ते बघा, म्हणजे कुठे जायचं नाही ते कळेल. एका खात्याला हजार-दोन हजार देणाऱ्या "गेम"च्या ऑफरी टेलिग्रामवर फिरत असतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंदी आली आहे, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही दुवा टाकला म्हणजे जाहिरात केलीच. "कॅसिनो तर आमच्या गोव्यात उघड चालतात" हा युक्तिवाद इथे चालत नाही. त्या जहाजांचा परवाना वेगळा, फोनवरचा पत्त्यांचा डाव वेगळा.

शेअर बाजाराच्या ऑफरींतही जपून. अमुक शेअर घ्या असा सल्ला देऊन त्याखाली डीमॅटचा दुवा, हे सेबीच्या नोंदणीशिवाय करायचं नाही.

कोपऱ्यातला_वाचक

नेटवर्कने जॉइनिंग फी मागितली तर?

दुवेकरी

पळा. खरं नेटवर्क मर्चंटकडून कमावतं, तुमच्याकडून नाही. एविन बरीच वर्षं पाच डॉलरची अनामत घेत असे आणि पहिल्या पेमेंटसोबत परत करत असे. असा अपवाद विरळा.

महाराष्ट्रात तर "अफिलिएट" हा शब्दच बदनाम झाला आहे, आणि त्याचं कारण वेगळंच. आठ-दहा हजारांचं "कोर्स पॅकेज" विकत घ्या, मग तेच पॅकेज दुसऱ्याला विका आणि कमिशन मिळवा. त्यात बाहेरचा गिऱ्हाईक कुणी नाहीच, नव्या सभासदाच्या फीमधून जुन्याला पैसे. हे अफिलिएट मार्केटिंग नव्हे. अशा पिरॅमिड योजनांना 2021 च्या थेट विक्री नियमांत मनाई आहे, आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा तर 1978 पासून आहे. ओळखायची खूण सोपी: माल कुणी वापरण्यासाठी घेतोय की पुढे विकण्यासाठीच? "पाच हॉटेलांना स्टार द्या" छापाची टेलिग्रामवरची टास्कंही याच घरातली. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला फोन.

मोरपंखी

वाचकाला सांगणं सक्तीचं आहे का, की दुव्यातून कमिशन मिळतं?

सह्यवारा

हो. 2022 ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळेला 10 लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत दंड आहे. मराठी लेखात सूचना मराठीतच हवी, वाचकाला कळेल अशी, आणि वर. तळाशी बारीक अक्षरांत नको, "आणखी वाचा"च्या मागे नको. असं काहीतरी: "या लेखातल्या काही दुव्यांवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळतं. तुमची किंमत वाढत नाही." दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहा. अ‍ॅमेझॉनचं त्यांनी ठरवून दिलेलं वाक्य वेगळं टाकावं लागतं. व्हिडिओसाठी जाहिरात परिषदेचा नियम: 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत खूण निदान तीन सेकंद, त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्यात एक तृतीयांश वेळ, आणि दोन मिनिटं किंवा जास्त असेल तर त्या वस्तूबद्दल बोलत असता तो सगळा वेळ.

गुगलसाठी दुव्याच्या कोडात "स्पॉन्सर्ड" ही खूण लावा, 2019 पासून आहे. नेटवर्कचा आपोआप दुवे बदलणारा कोड ती लावतो का ते एकदा तपासा.

दुवेकरी

शेवटी पैशांचं वेळापत्रक, कारण निम्मे लोक इथेच कंटाळून सोडतात. ऑक्टोबरात दिवाळीची ऑर्डर झाली. डॅशबोर्डावर "पेंडिंग". मर्चंट परतीची मुदत संपायची वाट बघतो, मग मागचा हिशेब ताडतो: 30 ते 90 दिवस. सणाच्या गर्दीत 90 च्या बाजूलाच. जानेवारीत "मंजूर". मग मर्चंट नेटवर्कला पैसे देतो, आणि बहुतेक नेटवर्कांच्या करारात एक ओळ असते की मर्चंटकडून मिळाले तरच तुम्हाला देऊ. ती ओळ शोधून वाचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बँकेत. म्हणून कमिशनच्या भरवशावर गुगलवर जाहिराती घेणाऱ्याचे पैसे चार-पाच महिने अडकतात. आणि जाहिराती घ्यायच्याच असतील तर मर्चंटच्या नावावर, त्या नावाच्या चुकीच्या स्पेलिंगवरसुद्धा, बोली लावू नका. जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात मनाई असते, आणि त्या एका कारणासाठी अख्ख्या महिन्याचं कमिशन रद्द होतं.

वाचकाने न दाबता गुपचूप कुकी टाकणाऱ्या प्लगइनांपासून लांब राहा. ईबेच्या कार्यक्रमात हा उद्योग करणाऱ्या दोघांना अमेरिकेत 2014 मध्ये तुरुंगवास झाला.

नव्या मर्चंटला सुरुवातीला एकाच लेखात, एकाच सब-आयडीने लावा. तीनशे-चारशे क्लिक होऊ द्या. पहिलं पेमेंट प्रत्यक्ष बँकेत पडेपर्यंत दुसऱ्या लेखात त्याचा दुवा घालू नका. दर महिन्याच्या अखेरीला अहवाल उतरवून घ्या, कारण नामंजूर झालेल्या ओळी काही डॅशबोर्डांवरून नंतर दिसेनाशा होतात आणि मग भांडायला हातात काही राहत नाही.

गणपुले_नव्हे

त्या अहवालाचा तक्ता असा ठेवा: ऑर्डरची तारीख, ऑर्डर क्रमांक, रक्कम, कमिशन, सब-आयडी, स्थिती, मंजुरीची तारीख, बँकेत पडल्याची तारीख. मंजुरीच्या तारखेतून ऑर्डरची तारीख वजा केली की मर्चंटचा वेग कळतो. दर तिमाहीला नामंजूर भागिले एकूण काढा. कपडे-बुटांत मापाच्या भानगडीमुळे परती जास्तच असणार, तंबू-टॉर्चमध्ये कमी. बुटांच्या मर्चंटचा आकडा टॉर्चवाल्याच्या आकड्याशी ताडू नका. पण त्याच मर्चंटचा आकडा एका तिमाहीत 20 टक्क्यांवरून 45 वर गेला आणि कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच "इतर" दिसलं, तर ऑर्डर क्रमांकांची यादी नेटवर्कला पाठवून प्रत्येकाचं कारण मागा.

मोरपंखी

यादी नेटवर्कला पाठवायची की मर्चंटला?

गणपुले_नव्हे

नेटवर्कला, मर्चंटच्या मॅनेजरला प्रत ठेवून. आणि हे पाठवायच्या आधी त्या मर्चंटचे दुवे लेखातून काढा, उत्तर आल्यावर पुन्हा लावता येतात.